झाकण उघडू नये

ईशान आणि रेवा,

तुमच्या शाळेने युक्रेनच्या मदतीसाठी केक विकले, त्याचा फोटो तुमच्या आईने मला पाठवला. रेवाच्या गालावर निळा-पिवळा रंग आहे आणि ईशानच्या हातात केकचा ट्रे. फोटो छान आहे. एरवी तुमचा दात पडल्याचा फोटोसुद्धा मी जिन्यात उभी राहून शेजारच्या केळकरवहिनींना दाखवते. हा मात्र दाखवला नाही. दाखवला असता तर वहिनी म्हणाल्या असत्या, "आजीवरच गेलीत हो नातवंडं," आणि ते मला ऐकवलं नसतं.

ते का, हे सांगायला हा लेख आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. गमती आहेतच, त्या सांगते. पण लिहिताना समोर तुम्ही दोघं आहात, कारण तुम्ही राहता तो देश या गोष्टीत येतो. मुग्धा, मुलांना वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस.

घरात नवं यंत्र आलं की खोक्यातून एक पुस्तक निघतं आणि न वाचता ड्रॉवरमध्ये जातं. ते कुणीतरी लिहिलेलं असतं, हे लोकांच्या गावीही नसतं. मी जन्मभर ती पुस्तकं लिहिली. मिक्सर-गिझरची नाही, मोठ्या यंत्रांची: पंप, जनरेटर, क्रेन, रस्ते खोदायच्या गाड्या. इंग्रजी वाङ्मयात एम. ए. केलं तेव्हा कॉलेजात कविता शिकवायची स्वप्नं होती. नोकरी मिळाली ती ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, म्हात्रे यांच्या कंपनीत. युरोपातले इंजिनियर त्यांच्या यंत्राबद्दल त्यांनाच कळेल असं लिहीत. त्याचं कुणालाही कळेल असं साधं इंग्रजी करून द्यायचं, हा आमचा धंदा.

या धंद्याचं व्याकरण कवितेच्या उलट असतं. एका वस्तूला एकच शब्द. पहिल्या पानावर जो 'नट' आहे तो शेवटच्या पानापर्यंत नटच राहतो, कंटाळा आला म्हणून त्याला दुसरं नाव देता येत नाही. एका वाक्यात एकच काम. आणि सगळ्यांत मोठा नियम इशाऱ्याचा. इशारा नेहमी कृतीच्या आधी यायला हवा, कारण वाचणारा एकेक ओळ वाचून हात चालवत असतो. 'वायर कापा' असं लिहून पुढच्या ओळीत 'त्याआधी वीज बंद केल्याची खात्री करा' म्हणणारा एक भला इंजिनियर मला भेटला होता. शिवाय इशाऱ्यात काय होईल ते लिहायचं. हात भाजेल, बोट तुटेल, जीव जाईल. नुसतं 'करू नये' म्हटलेलं माणूस पाळत नाही, घाईत असलेला तर नाहीच. नवीन मुली आल्या की पहिल्या आठवड्यात मी हे त्यांच्याकडून घोकून घेत असे. माझ्या पाठीमागे त्या मला 'करू नये बाई' म्हणायच्या.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. पुस्तक तयार झालं की ज्याने ते यंत्र कधी पाहिलेलं नाही अशा माणसाकडून ते करून घ्यायचं. कंपनीची इमारत म्हात्र्यांचीच, आणि कंपनीचा मालक निलेश म्हात्रे याचे वडील, आबा, खाली व्हरांड्यात बसलेले असत. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केलं होतं. पुढे जमिनीला भाव आला आणि ते घरमालक झाले. एकदा एका परदेशी पंपाचं पुस्तक निलेश त्यांना मराठी करून मोठ्याने वाचून दाखवत होता आणि आबा तसतसं करत होते. तिसऱ्या पायरीला ते थांबले. एका हातात पाइप, दुसऱ्यात रबरी चकती, आणि निलेश वाचतोय, आता झडप दाबून धरा. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, हात दोनच हान माजे," ते म्हणाले. ते वाक्य मी पुन्हा लिहिलं. परदेशातल्या ज्या इंजिनियरने ते मूळ लिहिलं होतं त्याला मी कळवलं की आमच्या परीक्षकाला तिसरा हात नाही. त्याने त्यावर खरंच दिलगिरीचं पत्र पाठवलं.

मी निवृत्त होऊन डोंबिवलीत घरी बसले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. युक्रेनचं युद्ध सुरू होऊन वर्ष उलटल्यावर एका सकाळी निलेश दारात. आबा गेल्यानंतर प्रथमच आला होता. चहा हातात घेतल्या घेतल्या मुद्द्यावर आला.

"काकू, ती पट्ट्यावरची ॲम्ब्युलन्स आठवते? तुम्हीच पुस्तक केलेलं तिचं."

आठवत होती. जखमींना आणायची चिलखती गाडी, रणगाड्यासारखी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी. आम्ही तिचं इंग्रजी पुस्तक केलं तेव्हाच ती जुनी होती. नंतर ती तुमच्या देशाच्या गुदामात वर्षानुवर्षं उभी होती. आता तशा गाड्या झाडूनपुसून युक्रेनला द्यायच्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर सुटसुटीत पुस्तक हवं होतं, लवकर. तेव्हाचं कुणी आता ऑफिसात उरलं नव्हतं.

"इतक्या जुन्या गाड्या देतायत?" मी विचारलं.

"दानाच्या गायीचे दात मोजत नाहीत, काकू."

"ज्याला दूध काढायचंय त्याने मोजावेत," मी म्हटलं. तो हसला आणि मी होकार दिला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. एवढ्या लांबच्या युद्धात, हल्ला झालेल्या बाजूला, डोंबिवलीत बसून आपला हात लागणार. मी कपाटातून चष्म्याची दुसरी जोडी काढली.

काम सुरू झाल्यावर तुमच्या देशातल्या कंपनीकडून सूचना आली. गाडी चालवणाऱ्यांना लागेल तेवढंच ठेवा. सातवं प्रकरण, म्हणजे गाडी वळवणारे ब्रेक उघडून दुरुस्त करायचं प्रकरण, पूर्ण काढा. जिथे जिथे त्याचा उल्लेख येईल तिथे एकच वाक्य घाला: 'झाकण उघडू नये. गाडी अधिकृत कार्यशाळेत पाठवावी.'

मी निलेशला कारण विचारलं. तो म्हणाला, यंत्र द्यायला एक परवानगी लागते आणि ते उघडायचं कसं हे सांगायला दुसरी. पहिली आलीय, दुसरी यायचीय. तोपर्यंत झाकण बंद.

त्या झाकणामागे एक जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते, आणि बाहेरून पाहून ती आत आहे असं अजिबात वाटत नाही. आधी एक लांब बोल्ट घालून तिला पकडायचं, मगच झाकणाचे नट सोडायचे. नाहीतर झाकण तोफेच्या गोळ्यासारखं तोंडावर येतं. मी कंपनीला लिहिलं, प्रकरण काढते, पण इशाऱ्यात कारण राहू द्या. उत्तर आलं की कारण लिहिणं म्हणजे आतली रचना सांगणं, त्याला परवानगी नाही. मग मी कारण काढलं. पुस्तक वेळेआधी गेलं आणि त्यात टंकलेखनाची एकही चूक नव्हती.

तिकडे ते युक्रेनी भाषेत करणाऱ्या बाईंचं नाव लारिसा. मी नाव बदलून लिहितेय. पूर्वी त्या शाळेत इंग्रजी शिकवत, आता गाड्या दुरुस्त करायच्या एका कार्यशाळेत दुभाष्याचं काम करतात. शाळेतल्या म्हणून मी त्यांना लारिसाबाईच म्हणते. आठवड्यातून एकदा आमचं व्हिडिओवर बोलणं व्हायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा एक स्वल्पविराम चुकीचा ठरवला आणि त्या बरोबर होत्या. त्यांचा आंद्री नावाचा जुना विद्यार्थी यांतलीच एक गाडी चालवायचा. क्रियापदांची रूपं त्याला कधीच पाठ झाली नाहीत, त्या सांगत, पण गाडी मात्र पुस्तकाबरहुकूम चालवतो. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन जखमींना जिवंत आणलं. एरवी जी साधी व्हॅन वापरत तिच्या पत्र्यातून गोळी आरपार जायची. तेव्हा मुलांनो, मदतीचा उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाहीये. ती माणसं त्या गाडीमुळे घरी गेली.

पण मदत घ्यायची म्हणजे काय असतं, हे मला लारिसाबाईंच्या बोलण्यातून हळूहळू कळलं. तीन देशांनी तीन जातीच्या गाड्या दिल्या होत्या. एकीचे नट सोडायचे पाने इंचांत, दुसरीचे मिलिमीटरमध्ये, तिसरीचं पुस्तक कुणालाच न येणाऱ्या भाषेत. प्रत्येक देशाला वेगळा अहवाल हवा, गाडी कुठे आहे, कशी आहे, आणि गाडीबरोबर माणसं उभी करून काढलेला फोटो. शिवाय आभार. आभाराचं इंग्रजी त्या माझ्याकडून तपासून घेत. 'आपल्या उदार साहाय्याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत.' मी एखादं विशेषण कमी करायचे. त्या म्हणायच्या, नको, राहू द्या, विशेषणं कमी झाली की पुढच्या गाड्या उशिरा येतात. हे त्या विनोदाने म्हणत, निदान मी तरी तसं समजत होते.

मग तिकडच्या उन्हाळ्यात आंद्रीच्या गाडीचा ब्रेक अडकला. गाडी एका बाजूला ओढत जायची, वळायची नाही. पुस्तकात पाहिलं तर माझं वाक्य. अधिकृत कार्यशाळा सरहद्दीपलीकडे, तिसऱ्या देशात. जी गाडी चालत नाही ती दुसऱ्या गाडीवर लादून न्यायची, तिथे रांग, आणि परत यायला कित्येक आठवडे. तोपर्यंत पुन्हा ती पत्र्याची व्हॅन.

"मिसेस वसुधा, सातवं प्रकरण तुमच्याकडे आहे का?" लारिसाबाईंनी सरळ विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "पण पाठवायची परवानगी नाही. मी आजच मागते."

मी त्याच दिवशी मागितली. सभ्य उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. मी स्मरणपत्र पाठवलं, मग आणखी. प्रत्येकाचं इंग्रजी आधीच्यापेक्षा चांगलं होतं. निलेशला म्हटलं, मी तोंडी सांगू का? त्याने डोक्याला हात लावला. "काकू, एक पान बाहेर गेलं ना, तर हे गिऱ्हाईक गेलंच, वर केस होईल. ऑफिसवर चाळीस घरं जेवतात. तुम्हाला काय वाटतं, मला द्यायचं नाहीये?" त्याचं खोटं नव्हतं. मी थांबले. लारिसाबाई दर आठवड्याला विचारत, मी दर आठवड्याला 'अजून नाही' म्हणत असे. पुढे पुढे त्यांनी विचारणं कमी केलं, आणि मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

नवरात्रात आमच्या महिला मंडळाचा भोंडला असतो. अध्यक्ष सुलभाताईंना कुठूनतरी माझ्या कामाचा सुगावा लागला, आणि भोंडल्याच्या दुपारी माझा सत्कार ठरला. मी नको म्हटलं, जेवढं आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे तेवढंच. सुलभाताईंनी आणखी एक टूम काढली. सभागृहात पडदा आहेच, तर त्या युक्रेनच्या बाईंना व्हिडिओवर घ्यायचं, त्यांनी आभाराचे चार शब्द बोलायचे. "तेवढंच आपल्या मुलींना स्फूर्ती मिळेल," त्या म्हणाल्या. हा निरोप मी लारिसाबाईंना पोचवला. मला पोचवायला लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही. त्या लगेच हो म्हणाल्या. आभाराला त्या कधीच नाही म्हणत नसत.

पाटावर हत्ती काढलेला, भोवती नऊवारी नेसलेल्या बायका, आणि पडद्यावर लारिसाबाई. कार्यशाळेतच उभ्या होत्या, मागे गाडीची कड दिसत होती. त्यांनी स्वच्छ इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. आपल्या उदार साहाय्याबद्दल. सदैव ऋणी. आमचे लोक कधीही विसरणार नाहीत. एकेक वाक्य मला ओळखू येत होतं, एकेक विशेषण. गाड्या देणारे जो सूर ऐकून समाधानी होतात तोच सूर, आणि आता तो माझ्यासाठी लागला होता. माझ्या मागे सुलभाताई कुजबुजल्या, "किती नम्र आहे हो बिचारी."

आभार संपले आणि त्या सुरातच, एक श्वासही न घेता त्या म्हणाल्या, "मिसेस वसुधा, सातव्या प्रकरणाचं काही उत्तर आलं का?"

सभागृहात बऱ्याच जणींना ते कळलंच नाही. माईक माझ्या हातात होता. मी म्हटलं, "अजून नाही."

टाळ्या झाल्या. सुलभाताईंनी माझ्या खांद्यावर शाल घातली, कुणीतरी पडदा बंद केला, कारण पुढे खिरापत ओळखायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळही न करता फोन घेऊन बसले. प्रकरण माझं नव्हतं, ते मी देऊ शकत नव्हते. पण इशारा तरी? 'इथे हात घालू नका, भाजेल' हे सांगायला कुणाची मालकी लागते? एवढं साधं मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं. सुचलं होतं, पण मी परवानगी मागितली होती.

लारिसाबाईंनी फोन घेतला. मी प्रस्तावना न करता सांगितलं. कुणी कधी ते झाकण उघडलंच, तर आत स्प्रिंग आहे, आधी लांब बोल्ट घाला, तो या भोकातून जातो, मगच नट.



"ते आम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"ऑगस्टमध्ये पेट्रोने उघडलं. त्याचा एक डोळा गेला." त्या वर्गात शिकवावं तशा शांतपणे सांगत होत्या. गाडी सरहद्दीपलीकडे पाठवायला सवड नव्हती, रोज जखमी येत होते. पेट्रो त्यांचा सर्वांत जुना कारागीर. पुस्तकात नुसतं उघडू नये लिहिलंय, त्याला वाटलं, या लोकांना दुरुस्तीची कमाई आपल्याकडे ठेवायची असेल, म्हणून लिहिलं असणार. आता गाडी सरळ चालते. अहवालात मात्र पेट्रो शिडीवरून पडला असं लिहिलंय, कारण परवानगीशिवाय झाकण उघडल्याचं कळलं तर पुढच्या गाड्या थांबतील.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही त्यांच्या बाजूच्या आहात," त्या म्हणाल्या. दोष देत नव्हत्या, पत्ता सांगावा तसं म्हणाल्या.

मी जन्मात स्वतःला कुणाच्या बाजूची समजले नव्हते. मी आपली पुस्तक लिहिणारी.

मग त्यांनी विचारलं, "आज परवानगी आली का?"

"नाही."

"मग आज का सांगितलंत?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते काल दुपारच्या शालीशी निगडित होतं आणि पेट्रोच्या गेलेल्या डोळ्यापुढे ते उच्चारण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, उशीर झाला, चुकलं माझं. त्यांनी ते ऐकून घेतलं. त्यावर 'काही हरकत नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना तसली वाक्यं फुकट वापरता येतात.

परवानगी हिवाळ्यात आली. सातवं प्रकरण गेलं, इशारा कृतीच्या आधी, कारणासकट. निलेशला हा लेख छापण्याआधी वाचायला दिला. वाचून म्हणाला, "छापा काकू. आपले क्लायंट दिवाळी अंक वाचत नाहीत." लारिसाबाईंनाही विचारलं. नावं बदला आणि पेट्रोला हिरो करू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण त्या सकाळचा फोन तिथेच संपला नव्हता. लारिसाबाई म्हणाल्या होत्या, थांबा, आणि त्यांनी फोन कारागिरांच्या मध्ये ठेवला. बाकीच्या दोन जातींच्या गाड्यांवरही अशीच झाकणं आहेत, त्यांच्याही पुस्तकांत 'उघडू नये' एवढंच लिहिलंय. त्यांच्या आत काय आहे, तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. ती पुस्तकं आमची नव्हती.

"कुणाला माहीत असेल?" पलीकडून एका पुरुषाने तोडक्या इंग्रजीत विचारलं. तो पेट्रो होता की दुसरा कुणी, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी धंद्यातल्या जुन्या ओळखी शोधतेय. पुण्यात, चेन्नईत, तुमच्या देशातही काही जण आहेत. बहुतेक निवृत्त झालेत, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचा कान. पण कुठल्या झाकणामागे काय आहे ते सगळ्यांना अजून लख्ख आठवतं. मी विषय काढला की सगळे आनंदाने बोलायला लागतात, आणि नेमकं त्या ठिकाणी आले की थांबतात. म्हणतात, विचारून सांगतो.